आणखी काही घेता का?

दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटून झालं आणि लेकीने मला अंगणात उजेडाकडे तोंड करून उभं केलं. "आई, खालची पापणी ओढ बघू." मी ओढली. ती काही बोलली नाही, नुसती मोबाइलचा कॅमेरा उघडून माझ्यासमोर धरला. डोळ्यांचा पांढरा भाग पांढरा नव्हताच. घरात दिवसभर ट्यूबलाइटखाली वावरत होते, कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं.

मी सांगलीत एका पतसंस्थेत हिशेब लिहिते. वय ४४. मानेच्या उजव्या बाजूला, कानाखाली गाठ आली होती, दुखत नव्हती म्हणून दोन महिने घालवले. मग सुईने नमुना घेतला आणि क्षयरोग निघाला. पूर्वी याला गंडमाळ म्हणायचे, हे मला सासूबाईंनी सांगितलं. २ सप्टेंबर २०२४ला गोळ्या सुरू झाल्या. वजन ४५ किलो, म्हणून रोज ३ गोळ्या. एकेका गोळीत चार औषधं: आयसोनियाझिड, रिफॅम्पिसिन, पायराझिनामाइड आणि इथॅम्ब्युटॉल. पहिले दोन महिने चारही, पुढचे चार महिने पायराझिनामाइड सोडून तीन. हिशेब सोपा होता.

गोळ्या देताना सांगितलं होतं, की लघवी केशरी होईल, घाबरू नका, रिफॅम्पिसिनचा रंग आहे. मी घाबरले नाही. हेच नडलं. नवरात्रात पाचव्या माळेला मळमळायला लागलं, जेवणाचा वास नकोसा झाला, आणि लघवी केशरीवरून चहाच्या कोऱ्या पाण्यासारखी झाली. मला वाटलं, औषधाचाच रंग, उपवासात पाणी कमी पडतंय म्हणून गडद झालाय. मळमळ? ती उपवासाने. दोन्ही गोष्टींना माझ्याकडे उत्तर तयार होतं. यकृताची रक्ततपासणी गोळ्या सुरू करण्यापूर्वी कुणी केली नव्हती आणि महिन्यानेही नाही. गोळ्या दिल्या त्या ठिकाणाबद्दल मला राग आहे, पण मळमळ मीही तिथे जाऊन सांगितली नव्हती.

दसरा शनिवारी होता. रविवारी सगळं बंद. शनिवारी रात्री आणि रविवारी मी तिन्ही गोळ्या घेतल्या, कारण आरोग्य स्वयंसेविका आशाताईंनी बजावलं होतं, "वैनी, काय बी झालं तरी एक दिवस चुकवायचा नाही." खरं तर डोळे पिवळे दिसले त्या क्षणी गोळ्या थांबवून दवाखाना गाठायचा असतो. हे मला सोमवारी कळलं.

सोमवारचा रिपोर्ट असा होता: बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग) ४.८, एसजीपीटी ६१२, अल्कलाइन फॉस्फटेज १३८, अल्ब्युमिन (यकृत बनवतं ते प्रथिन) ३.१, आयएनआर (रक्त गोठण्याचं माप) १.४. एसजीपीटी, म्हणजे यकृताच्या पेशींना मार बसला की रक्तात वाढणारं एन्झाइम, तिची वरची मर्यादा ४०. लक्षणं असताना तिप्पट, नसताना पाचपट झाली की औषधं थांबवतात. माझी पंधरापट होती. सगळ्या गोळ्या त्याच दुपारी बंद झाल्या आणि मला एका शिकवणाऱ्या मोठ्या रुग्णालयात दाखल केलं.

तिथला रेसिडेंट डॉक्टर माझ्या भाच्याच्या वयाचा. रोज सकाळी यायचा, दोन्ही हात पुढे करून पंजे मागे वळवायला सांगायचा, हात फडफडतात का बघायला. मग विचारायचा, "ताई, आज वार कोणता?" आणि "शंभरातून सात वजा करत या." त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर. वीस वर्षं हाच धंदा केलेल्या बाईला. तिसऱ्या दिवशी मी म्हटलं, "डॉक्टर, सव्वासात वजा करू का?" तो हसला, पण नंतर म्हणाला, की यकृत कोलमडायला लागलं तर आधी हेच बिघडतं, कावीळ नंतरही वाढत राहते. त्यानंतर मी मुकाट वजाबाकी केली.

दुसऱ्या दिवशी तो एक संमतीपत्र घेऊन आला. औषधांमुळे यकृताला झालेल्या इजेचा अभ्यास त्यांच्याकडे चालू होता. मराठी छापील, सहा पानं, "सहभागी व्यक्ती कधीही माघार घेऊ शकते" वगैरे. मी सगळी वाचली. सवय. रक्ताची एक जादा कुपी घेणार होते, त्यातून एक जनुक बघायचं होतं. आयसोनियाझिडची विल्हेवाट यकृतातलं एक एन्झाइम लावतं. काहींचं ते झपझप काम करतं, काहींचं रेंगाळतं, आणि रेंगाळणाऱ्यांना इजेचा धोका जास्त. "मग माझं कसं आहे ते कळेल?" नाही, वैयक्तिक निकाल देणार नव्हते, तसं चौथ्या पानावर लिहिलं होतं. म्हणजे ठेव घ्यायची आणि पासबुक द्यायचं नाही. तरीही सही केली.

मग त्याने प्रश्नावली काढली. गेल्या सहा महिन्यांत घेतलेलं प्रत्येक औषध. अंगदुखीची गोळी, क्रोसिन, अँटिबायोटिक, केस गळण्याचं काही, वजन वाढवायची पावडर. "आणखी काही घेता का? आयुर्वेदिक, घरगुती?"

सासूबाई पायथ्याशी उभ्या होत्या. मी म्हटलं, "नाही."

संध्याकाळी सिस्टरने तोच प्रश्न दुसऱ्या फॉर्मवरून विचारला. तेव्हाही नाही.

मी खोटं बोलत होते का? तेव्हा तसं वाटलं नव्हतं. आमच्या दारात कडुनिंब आहे, त्याच्यावर गुळवेल चढलीये. कडुनिंबावरची गुळवेल सगळ्यांत गुणाची म्हणतात. गणपती झाल्यापासून सासूबाई रोज पहाटे बोटभर कांडं ठेचून, उकळून मला अर्धा पेला काढा देत होत्या. सुनेच्या अंगात ताकद यावी म्हणून, गुडघे दुखत असताना अंगणात जाऊन, वेल खुडून. त्याला मी औषध म्हणतच नव्हते. आणि त्या समोर उभ्या असताना त्याला विषाच्या यादीत बसवणं माझ्याच्याने झालं नसतं.

तिसऱ्या दिवशी आहारतज्ज्ञ आली. पंचविशीतली मुलगी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत चार मापांच्या स्टीलच्या वाट्या, दोन चमचे आणि मोजपट्टी. आधी दंडाचा घेर मोजला. मग एक मुठीत दाबायचं यंत्र दिलं, हाताची पकड किती किलोची ते बघायला. तीनदा दाबलं. आकडा बघून ती काही बोलली नाही, लिहून घेतला. मग वही उघडली.

"काकू, दवाखान्यात यायच्या आदल्या दिवशी सकाळी उठल्यावर पोटात पहिलं काय गेलं?"

"काढा. अर्धा पेला," मी म्हटलं. आणि थांबले.

औषधाचा प्रश्न दोनदा विचारून जे निघालं नव्हतं, ते खाण्याचा प्रश्न एकदा विचारल्यावर निघालं. तिने मान वर केली नाही. "कसला?" एवढंच विचारलं, आणि चारांपैकी कोणत्या वाटीएवढा होता ते दाखवायला सांगितलं.

अर्ध्या तासात रेसिडेंट डॉक्टर परत आला. रागावला नाही, उलट खूश दिसला, संशोधक असतात तसे. २०२०च्या शेवटी करोनाच्या धास्तीने लोक गुळवेल पीत होते, तेव्हा मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेले ६ रुग्ण नोंदवले होते. पुढे देशातल्या १३ केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची नोंद छापली. आयुष मंत्रालयाने हे मान्य केलेलं नाही. गुळवेल सुरक्षित आहे, लोक तिच्यासारखीच दिसणारी दुसरी वेल घेतात, असं त्यांचं म्हणणं. त्या दुसरीच्या खोडावर फोडांसारखे उंचवटे असतात. "तुमच्या झाडावरचा तुकडा आणाल का?" नवऱ्याने संध्याकाळी पानासकट हातभर वेल आणून दिली. ती गुळवेलच निघाली.

पुढे महिन्याभराने त्याने माझ्यासमोर गुण मांडले. १९९३ साली तयार झालेली एक गुणपद्धत आहे, औषधाने इजा झाली असं म्हणायला किती आधार आहे ते आकड्यात सांगणारी. मला ती फार आवडली, अगदी कर्जाच्या अर्जाची छाननी! गोळ्या सुरू केल्यापासून ५ ते ९० दिवसांत लक्षणं आली: २ गुण. औषध बंद केल्यावर एसजीपीटी ८ दिवसांत निम्म्याने उतरली तर ३, महिन्याभरात उतरली तर २. वय ५५च्या आत, दारू नाही: शून्य. विषाणूची कावीळ नाही, पित्तनलिकेत खडा नाही, आणखी कशाचा पुरावा नाही: २. औषध यकृताला बाधतं हे आधीपासून माहीत आहे: २. माझी एसजीपीटी आठव्या दिवशी ३८८ होती, निम्मी नाही. महिन्यात मात्र उतरली. म्हणून एकूण ८. आणि गुळवेल? सोबत यकृताला बाधतं असं माहीत असलेलं दुसरं संशयित असेल तर उणे २.

आठाचे सहा झाले. ६ ते ८ म्हणजे 'बहुधा', ९पासून पुढे 'जवळजवळ नक्की'. शेरा बदलला नाही, पण त्या दोन गुणांनी मला आजवर सोडलेलं नाही. मी तोंड उघडलं नसतं, तर त्यांच्या रजिस्टरमध्ये माझी नोंद ८ म्हणून राहिली असती आणि कुणाला चूक सापडली नसती. ताळेबंद जुळलाच असता.

विषाणूच्या तपासण्यांचं एक सांगायला हवं. आपल्याकडे मोठ्या माणसाला कावीळ म्हटलं की आधी संशय पाण्यावर, म्हणजे हिपॅटायटिसच्या ई प्रकारावर. ती नाही हे रक्तात बघितल्याशिवाय औषधाला दोष देता येत नाही. अ, ब, क, ई चारही कोऱ्या आल्या, सोनोग्राफी साफ आली, तेव्हा कुठे गोळ्यांवर बोट ठेवलं गेलं. त्याने कागदाच्या कोपऱ्यात एक भागाकारही करून दाखवला: एसजीपीटी किती पट, भागिले अल्कलाइन फॉस्फटेज (पित्ताची वाट अडली की हे वाढतं) किती पट. १५.३ भागिले १.१५. "तेरा पूर्णांक तीन," मी त्याच्या आधी म्हटलं. पाचाच्या वर म्हणजे मार यकृताच्या पेशींना बसलाय, पित्ताच्या वाटेला नाही. पेशींना मार आणि त्यावर कावीळ, ही जोडी वाईट, असं हायमन झिमरमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने फार पूर्वी सांगून ठेवलंय: अशा दहांतला साधारण एक दगावतो. बंगळुरूच्या एका रुग्णालयाने ३१३ रुग्णांचा अनुभव २०१०मध्ये छापला, त्यात निम्म्याहून जास्तांना क्षयाच्या गोळ्यांनीच इजा झाली होती आणि सगळे मिळून १७.३ टक्के गेले. पुढे २०१३ ते २०१८ दरम्यान देशभरातून १,२८८ रुग्ण नोंदले गेले, तिथेही पहिला नंबर क्षयाच्या गोळ्यांचा, ४६ टक्के. जडीबुटी आणि तत्सम औषधं १४ टक्क्यांच्या आसपास. हे सगळं मी घरी आल्यावर वाचलं. खाटेवर असताना वाचलं नाही ते बरं झालं.

सहा दिवसांनी घरी सोडलं. खरी लढाई घरी सुरू झाली, जेवणावरून.

आमच्याकडे काविळीचं पथ्य पोथीसारखं पाठ आहे. तेल नाही, हळद नाही, डाळ नाही, पिवळं काहीच नाही. उसाचा रस, भाजलेले फुटाणे, मऊ भात. त्यातला उसाचा रस म्हणजे रसवंतीवरचा, बर्फ घालून. पाण्याच्या काविळीवर पाण्याचाच उतारा. आहारतज्ज्ञाने माझ्या नवरात्रातल्या एका दिवसाचं गणित करून दिलं होतं: साबुदाण्याची खिचडी एक ताटली, वरीचे तांदूळ, दोन केळी, चहा तीनदा. सगळे मिळून जेमतेम हजार कॅलरी, आणि प्रथिनं २० ग्रॅमच्या आत. दीड महिन्यात ४५चे ४३ किलो झाले होते. मला हव्या होत्या किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम, म्हणजे ५२ ते ६५. उपाशी, रोडावलेल्या माणसाच्या यकृतात औषधाचा जहाल भाग निकामी करायची शिबंदीच कमी असते, आणि कुपोषित रुग्णांना क्षयाच्या गोळ्या जास्त बाधतात हे अनेक ठिकाणी दिसलंय. मी विचारलं, उपवासामुळेच झालं का? ती म्हणाली, "तसं मी म्हणू शकत नाही काकू. हातभार असू शकतो." हे 'असू शकतो' मला तेव्हा पळवाट वाटलं. आता नाही वाटत.

तिने दिलेला तक्ता मी फ्रिजवर चिकटवला. अंडं ६ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरण ७. पेलाभर दूध ६. मूठभर शेंगदाणे ६. ज्वारीची भाकरी ४ ते ५. आणि रात्री झोपताना काहीतरी खायचंच: माझ्यासाठी पेलाभर दूध आणि शेंगदाण्याचा लाडू. रात्री आठला जेवून सकाळी आठपर्यंत पोट रिकामं राहिलं, की यकृतातला साखरेचा साठा संपत येतो आणि शरीर स्नायू मोडून खायला लागतं. याचे पुरावे मुख्यतः सिरोसिसच्या, म्हणजे यकृत कडक होत गेलेल्या, रुग्णांवरचे आहेत, तुम्हाला सिरोसिस नाही, पण तुमचा दंड बघून मी सांगतेय, असं तिने स्वतःहून सांगितलं. पुराव्याची हद्द कुठे संपते ते सांगणारं माणूस मला पहिल्यांदाच भेटलं होतं.

सासूबाईंना हे पटेना. "काविळीत अंडं? कुणाच्या सात पिढ्यांत ऐकलंय का?" शेवटी चुलतसासऱ्यांनी तासगावकडून काविळीची माळ आणली. मुळांचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले. डोक्यावर ठेवायची, ती दिवसागणिक वाढत खाली उतरते, आणि सोबत कावीळ उतरते. मी नको म्हटलं नाही. पण त्यांना म्हटलं, काका, दोन आणा.

एक माझ्या डोक्यावर घातली, दुसरी देवघराच्या खिळ्याला टांगली. शिवणाच्या टेपने रोज दोन्ही मोजल्या आणि कॅलेंडरवर लिहिल्या. आठ दिवसांत माझी माळ गळ्यात उतरली. खिळ्यावरचीही तेवढीच लोंबली. एका इंचाचा फरक, तोही खिळ्याच्या बाजूने. मुळं वाळली की आक्रसतात, गाठी सैल पडतात. नवरा म्हणाला, खिळ्याला पण कावीळ झाली होती वाटतं. सासूबाई हसल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी वरणात हळद आली.

गोळ्या बंद असताना मानेतली गाठ हाताला लागायची तेव्हा पोटात गोळा यायचा. क्षय तसाच आत आणि औषध बंद. दर आठवड्याला रक्त: ६१२, ३८८, १७१, ९६, मग १८ नोव्हेंबरला ६४. वरच्या मर्यादेच्या दुपटीच्या आत आली की गोळ्या पुन्हा सुरू करतात, पण एकेक करून. आधी रिफॅम्पिसिन आणि इथॅम्ब्युटॉल, आठवड्याने रक्त, मग आयसोनियाझिड, पुन्हा रक्त. पायराझिनामाइड माझ्या वाट्याला परत आलंच नाही. त्याच्या बदल्यात सहाचे नऊ महिने झाले. कोणत्या क्रमाने सुरू करावं यावर दिल्लीच्या एम्सने १७५ रुग्णांवर तीन पद्धती ताडून पाहिल्या होत्या. तिन्हींत फारसा फरक निघाला नाही, साधारण ११ टक्क्यांना पुन्हा इजा झाली. म्हणजे नवातला एक. रिफॅम्पिसिनच्या पहिल्या दिवशी लघवी पुन्हा केशरी झाली आणि मी न्हाणीघरात भिंत धरून उभी राहिले. मग पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात धरून, खिडकीशी नेऊन बघितली. केशरी, स्वच्छ. चहाचा रंग नाही. पुढचे दोन महिने तो डबा न्हाणीघरात होता आणि त्याला कुणीही हात लावायचा नाही असा घरात दंडक होता.

क्षयरुग्णांच्या आहारासाठी सरकारच्या निक्षय पोषण योजनेचे महिना ५०० रुपये मिळायचे, ते त्याच नोव्हेंबरात १००० झाले. आमच्या घरात त्याची अंडी आणि शेंगदाणे आले. ज्यांच्या घरात त्याने तांदूळच घ्यावे लागतात, त्यांचं काय होतं ते झारखंडमधल्या अभ्यासात आहे. २०२३मध्ये छापून आला. रुग्णाबरोबर त्याच्या घरच्यांनाही शिधा दिला, तर घरातल्या इतरांना क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं. आशाताईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "वैनी, हे आमाला कवाच ठाऊक हाय, कुणी इचारलं न्हाई."

एप्रिलमध्ये अभ्यासाची शेवटची भेट होती. वजन ४८. पकड वाढली होती. एसजीपीटी ३१. सासूबाई म्हणाल्या, मी पण येते. रेसिडेंट डॉक्टर तोच होता, जरा वाळलेला. त्याने फॉर्म काढला आणि शेवटचा प्रश्न वाचला, "आणखी काही घेता का? आयुर्वेदिक, घरगुती?"

मी नाही म्हणायच्या आत सासूबाईंनी मांडीवरची पिशवी टेबलावर उपडी केली. गुडघ्यांसाठी चूर्णाची पुडी, लेबल नसलेली. शेजारणीने दिलेल्या लाल गोळ्या. तेलाची बाटली. पोट साफ होण्याची पावडर. रुमालात बांधलेलं गुळवेलीचं वाळलेलं कांडं.

"ही हिची नाहीत, माझी आहेत," त्या म्हणाल्या. "पण लिहून घ्या. आणि माझं पण रक्त बघता का?"

डॉक्टरने पुडी उघडून वास घेतला, मग फॉर्म उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला आकडे टाकायला लागला. एक, दोन, तीन.